पंप बंद पडले, पटकी आली

येमेनची राजधानी साना. तिथे बारमाही नदी नाही. पाणी खोल विहिरींतून उपसावं लागतं आणि त्यासाठी वीज तरी हवी, नाहीतर डिझेल. २०१५ मध्ये युद्ध भडकलं, बंदरांची नाकेबंदी झाली आणि डिझेल मिळेनासं झालं. त्याच ऑगस्टमध्ये होदेदा बंदरातल्या क्रेन हवाई हल्ल्यात मोडल्या. देशात बाहेरून येणारं बहुतेक धान्य, इंधन आणि औषधं तिथेच उतरत. पुढच्या वर्षी सरकारी डॉक्टर, नर्स, सफाई कामगार यांचे पगार थांबले. कचरा रस्त्यांवर साचला, सांडपाण्याचे पंप बंद पडले.

ऑक्टोबर २०१६ मध्ये पटकीचे, म्हणजे कॉलराचे, रुग्ण सापडू लागले. एप्रिल २०१७ मध्ये पावसाबरोबर दुसरी लाट आली. वर्ष संपेपर्यंत संशयित रुग्णांचा आकडा १० लाखांवर गेला आणि २,००० हून जास्त माणसं दगावली. ‘पटकी येवो’ हा शाप ज्या भाषेत आहे, तिच्या वाचकांना ही भीती वेगळी समजावून सांगायला नको.

या आजाराची रीत विलक्षण आहे. जंतू आतड्याची भिंत फोडत नाही. त्याचं विष पेशीत शिरून एक संदेश चालूच ठेवतं, नळाची चावी उघडी अडकावी तसं. पेशी आतड्यात क्षार ओतत राहतात आणि क्षारांमागून शरीरातलं पाणी जातं. तीव्र आजारात तासाला लिटरभरसुद्धा. उपचार नसेल तर धडधाकट माणूस काही तासांत जातो.

पण आतड्याची एक वाट या विषापासून सुटते: ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेणारी. तीच जलसंजीवनीची वाट. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांच्या गर्दीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून ठेवलं. नातेवाईकच रुग्णांना ते पाजू लागले. ३० टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या आत आला.

म्हणजे उपाय साधा, स्वस्त आणि युद्धातच पारखलेला. वेळेवर मिळाला तर शंभरात एखादाही रुग्ण दगावत नाही. म्हणूनच येमेनमधला प्रत्येक मृत्यू मला टळण्यासारखा वाटतो. तिथली निम्म्याहून जास्त आरोग्यकेंद्रं बंद तरी होती किंवा अर्धवट चालत होती. उरलेल्यांपर्यंत जायला भाडं नव्हतं. उपासमारीने खंगलेल्या मुलाकडे तर झुंजायला ताकदच नसते. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०२१ अखेरपर्यंत या युद्धाचे ३,७७,००० बळी जातील असा अंदाज मांडला. त्यांतले जवळपास ६० टक्के मृत्यू बॉम्ब किंवा गोळीने नव्हे, तर भूक, दूषित पाणी आणि न मिळालेले उपचार यांमुळे. मेलेल्यांत पाच वर्षांखालची मुलं सर्वाधिक.

हज्जा प्रांतातल्या अब्स गावचं रुग्णालय ऑगस्ट २०१६ मध्ये हवाई हल्ल्यात सापडलं, १९ जण मेले. जून २०१८ मध्ये त्याच अब्समध्ये नव्याने उभारलेल्या पटकी उपचार केंद्रावर बॉम्ब पडला. जागा आधी कळवली होती, छपरावर खूणही होती, असं ते चालवणाऱ्या डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सने सांगितलं. पहिला रुग्ण अजून यायचा होता.