गर्भपातोत्तर ओटीपोटाचा जंतुसंसर्ग

गर्भपातानंतर गर्भाशयाचा अंतःस्तर, बीजवाहिन्या, बीजकोश किंवा त्यांभोवतीचे पर्युदर (पोटाच्या पोकळीचे आतील पातळ आवरण) यांना जंतूंची बाधा होऊन दाह निर्माण होतो, त्यास गर्भपातोत्तर ओटीपोटाचा जंतुसंसर्ग म्हणतात. प्रशिक्षित हातांनी, निर्जंतुक साधनांनी केलेल्या गर्भपातानंतर तो क्वचितच आढळतो. मात्र क्लॅमिडिया किंवा परमा (गोनोरिया) यांसारखा लैंगिक संसर्ग आधीपासून असून त्यावर उपचार झालेला नसेल, तर धोका अनेक पटींनी वाढतो.

संसर्ग झाला की साधने अस्वच्छ असावीत, असा पहिला तर्क केला जातो. असुरक्षित गर्भपातांच्या बाबतीत तो बहुधा बरोबरही असतो. सुरक्षित गर्भपातात मात्र जंतू बाहेरून येण्यापेक्षा स्त्रीच्या योनिमार्गात किंवा गर्भाशयमुखात आधीच वस्तीला असण्याची शक्यता अधिक असते. एरवी गर्भाशयमुखातील घट्ट श्लेष्मा त्यांना वर जाऊ देत नाही. गर्भपाताच्या वेळी गर्भाशयमुख उघडते, शोषणनलिका त्यातून आत जाते आणि खालचे जंतू गर्भाशयाच्या पोकळीत पोहोचू शकतात. तेथे नुकताच सोलवटलेला अंतःस्तर व साचलेले रक्त असते. गर्भाचे अवशेष राहिले असतील तर जंतूंच्या वाढीस ते आणखी पोषक ठरतात. गोळ्यांनी केलेल्या गर्भपातात कोणतेही साधन आत जात नसल्याने हा धोका कमी असतो.

क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा यातील सर्वांत फसवा जंतू होय, कारण बहुतेक स्त्रियांमध्ये तो कोणतेही लक्षण दाखवत नाही. अंगावरून जात नाही, दुखत नाही, म्हणून संसर्ग नाही, असे म्हणता येत नाही. परम्याचे गोलाणूही स्त्रियांमध्ये पुष्कळदा असेच मूक राहतात. योनिमार्गातील जंतूंचे संतुलन बिघडल्याने होणारा जिवाणूजन्य योनिविकार हा काटेकोरपणे लैंगिक संक्रमित रोग मानला जात नसला, तरी त्यामुळेही हा धोका वाढतो.

लक्षणे सामान्यतः काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतात. ओटीपोटात वाढत जाणारी वेदना, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, लांबलेला वा वाढलेला रक्तस्राव आणि तपासणीत गर्भाशयमुख हलवताच होणारी तीव्र वेदना ही त्यांतील प्रमुख होत. मिसोप्रोस्टॉल (गर्भपाताच्या गोळ्यांतील एक औषध) घेतल्यानंतर काही तास थंडी वाजून ताप येणे हा औषधाचाच परिणाम असतो. चोवीस तासांनंतरही टिकणारा किंवा नव्याने आलेला ताप मात्र संसर्ग समजून तपासावा लागतो.

प्रतिबंधाचे दोन मार्ग आहेत: आधी चाचणी करून बाधित स्त्रियांनाच औषध देणे, किंवा सर्वांनाच शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिजैविक देणे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, शस्त्रक्रियेच्या वेळी प्रतिजैविक दिल्याने नंतरच्या संसर्गाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि कमी जोखमीच्या गटातील स्त्रियांनाही त्याचा लाभ झाला. जागतिक आरोग्य संघटनाही शस्त्रक्रियेने होणाऱ्या गर्भपातात सर्वांना प्रतिबंधक प्रतिजैविक देण्याची शिफारस करते. गोळ्यांनी होणाऱ्या गर्भपातात ते सरसकट देऊ नये, असे तिचे मत आहे. औषध उपलब्ध नाही एवढ्या कारणावरून गर्भपात नाकारणे किंवा लांबवणेही तिला मान्य नाही, आणि ते योग्यच आहे, कारण गर्भधारणेचे दिवस वाढतील तसे गर्भपाताचे धोकेही वाढतात. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन, ॲझिथ्रोमायसिन किंवा मेट्रोनिडाझोल वापरतात.

प्रतिबंधक मात्रा म्हणजे उपचार नव्हे. चाचणीत संसर्ग आढळल्यास पूर्ण उपचार द्यावा लागतो. क्लॅमिडियासाठी सामान्यतः डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. ओटीपोटात संसर्ग पसरला असेल तर एकाहून अधिक प्रतिजैविके साधारण चौदा दिवस दिली जातात, गर्भाशयातील अवशेष काढून टाकावे लागतात आणि पू साचला असल्यास किंवा प्रकृती गंभीर असल्यास रुग्णालयात दाखल करावे लागते.

गर्भपाताने वंध्यत्व येते, ही समजूत सर्वदूर आहे. गुंतागुंत न झालेल्या सुरक्षित गर्भपाताने पुढील गर्भधारणेस बाधा येत नाही. बाधा आणतो तो बीजवाहिन्यांत वण सोडणारा संसर्ग, मग तो गर्भपातानंतरचा असो वा एरवीचा. अस्थानी (गर्भाशयाबाहेरील) गर्भधारणा व चिवट ओटीपोटदुखी हेही त्याचेच परिणाम होत. असा संसर्ग पुन्हा पुन्हा झाल्यास वंध्यत्वाची शक्यता प्रत्येक वेळी वाढत जाते. म्हणूनच जोडीदारावरही उपचार करणे, ते पूर्ण होईपर्यंत संबंध टाळणे आणि सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.