जिवंत दात्याकडील यकृत प्रत्यारोपणानंतरचे रक्तवाहिन्यांचे विकार

जिवंत दात्याच्या यकृताचा काही भाग रुग्णाला बसवल्यावर, जोडलेल्या धमनीत किंवा शिरांमध्ये गुठळी होणे, त्या अरुंद होणे, पिळवटणे अथवा त्यांतून रक्तस्राव होणे. मृत दात्याचे यकृत लांब वाहिन्यांसह काढता येते. जिवंत दात्याचे उरलेले यकृत त्याला आयुष्यभर पुरायचे असते, त्यामुळे मुख्य वाहिन्यांवर पहिला हक्क त्याचाच. शल्यचिकित्सकाच्या हाती येतात ती आखूड, बारीक टोके. बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे.

सर्वांत मोठी धास्ती धमनीतल्या गुठळीची. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतून) येते, धमनीतून जेमतेम पाव. पण पित्तनलिका जगतात त्या धमनीच्या रक्तावर. मूळच्या यकृतात धमनी तुंबली तर आजूबाजूच्या बारीक वाहिन्या धावून येतात. प्रत्यारोपणात त्या कापल्या गेलेल्या असतात. मग नलिका कुजतात, पित्त गळते, यकृतात गळवे होतात आणि अनेकदा दुसऱ्या प्रत्यारोपणाखेरीज उपाय उरत नाही. भारतात बहुतांश दाते घरातलेच असतात. आईने किंवा बायकोने एकदा यकृत दिल्यावर दुसरा दाता आणायचा कुठून, हा प्रश्न त्या घरासाठी फार कठीण असतो.

जोडायची धमनी अनेकदा २ ते ३ मिलिमीटर रुंदीची असते, लहान मुलांत त्याहूनही बारीक. १९९० च्या दशकात जपानमधील क्योटो येथे सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालण्याची पद्धत रुळली आणि गुठळ्यांचे प्रमाण बरेच घटले.

रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांची तऱ्हा वेगळी. उजवा भाग काढताना मधली शीर बहुधा दात्याकडेच ठेवतात. तिला मिळणाऱ्या मोठ्या फांद्या कलम (जोडणीसाठीचा वाहिनीचा तुकडा) लावून जोडल्या नाहीत, तर तेवढा भाग रक्ताने तुंबतो. शिवाय बसवलेले यकृत वाढते, आणि वाढताना किंचित फिरले तरी शीर मुरडते.

सुरुवातीच्या दिवसांत डॉप्लर सोनोग्राफी (वाहिन्यांतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) वारंवार करतात, कारण धमनी बंद पडूनही रुग्णाला काहीच जाणवत नाही असे घडते. गुठळी लवकर सापडली तर पोट पुन्हा उघडून ती काढता येते. उशिरा आलेल्या अरुंदपणावर वाहिनी आतून रुंद करणारा फुगा किंवा ती उघडी ठेवणारी जाळीची नळी (स्टेंट) वापरतात. मुलांमध्ये पोर्टल शीर काही वर्षांनीही आकसू शकते. तेव्हा यकृताच्या चाचण्या ठीक दिसत असतानाच प्लीहा वाढते आणि प्लेटलेट घटतात.