गोव्यात सिस्टरांच्या होममध्ये जागा हवी असेल तर: कोणाला मिळते, कसं जायचं, कागद काय लागतात

सिस्टरांचं होम म्हणजे ख्रिस्ती नन चालवतात ते बायकांचं आसरा-घर. फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या आपल्या बायका पहिल्यांदा हेच विचारतात की आम्ही हिंदू, आम्हाला तिथे घेतील काय? घेतात. घरच्या मारामुळे किंवा दारूच्या व्यसनामुळे आलेल्या बाईला आत घेताना अशा होममध्ये बहुतेक करून जात-धर्म नाही, धोका किती आहे ते बघतात. विगाराची (चर्चच्या मुख्य पाद्रीची) चिठ्ठी असली तर ओळख म्हणून बरी, पण तिच्यावाचून काही अडायला नको. संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) असतो, रविवारी मीस (चर्चची उपासना) असते, त्यात बसणं सक्तीचं आहे का ते मात्र पहिल्याच दिवशी सरळ विचारून घ्या. माझं मत विचाराल तर गप्प बसून ऐकण्यात काही बिघडत नाही, पण बाप्तिस्मा घेतला तरच राहा असं कोणी सुचवलं तर ती जागा आपली नव्हे, दुसरी बघायची.

आता मारहाणीचा रस्ता. ताबडतोब धोका असेल तर ११२, नाहीतर महिला हेल्पलाइन १८१. तिथून सखी वन स्टॉप सेंटरला जोडून देतात, तिथे साधारण ५ दिवसांपर्यंत राहता येतं, डॉक्टर, पोलीस, वकील सगळं तिथूनच बघतात, आणि तेवढ्या दिवसांत पुढची जागा शोधायची असते. लांब मुदतीची जागा पाहिजे तर प्रोटेक्शन ऑफिसरला, म्हणजे मार खाणाऱ्या बाईच्या मदतीला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला गाठायचं, गोव्यात हे काम बरीच वर्षं बीडीओंकडे (गटविकास अधिकाऱ्यांकडे) दिलेलं आहे, तुमच्या तालुक्याला सध्या कोण ते १८१ वर विचारा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ६ खाली तो किंवा नोंदणी असलेली संस्था शेल्टर होमला लेखी विनंती करते, कलमाचा उल्लेख त्या पत्रात पाहिजेच.

आणि हे नीट वाचा, कारण इथेच लोक बायकांना परत पाठवतात. "आधी तक्रार करून ये, रिपोर्ट घेऊन ये, मग बघू" असं शेल्टर होम म्हणू शकत नाही. याच कायद्याच्या २००६ च्या नियमांत स्पष्ट आहे की घटनेचा रिपोर्ट आधी दिलेला नाही म्हणून आसरा नाकारता येत नाही. तुम्ही सांगितलंत तर तुम्ही तिथे आहात हे नवऱ्याला कळवायचं नाही हेही त्याच नियमात आहे.

व्यसनाचं वेगळं असतं. रोज दारू पिणारी बाई एकदम थांबली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट्स येऊ शकतात, जिवावर बेततं, म्हणून आधी हॉस्पिटलमध्ये डिटॉक्स, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली दारू सोडवणं, आणि मग होम. बांबोळीला आयपीएचबी हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, सल्ल्यासाठी १४४४६ ही फ्री हेल्पलाइन आहे. डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सांभाळून ठेवा, होममध्ये पहिल्यांदा तेच मागतात. बॅगही उघडून बघतात, खोकल्याचं औषध, माउथवॉश, सॅनिटायझर, सेंट बाजूला काढतात कारण त्यात अल्कोहोल असतं, त्यात अपमान वाटून घेऊ नका. गोळ्या सिस्टरकडे राहतात. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे उपचाराच्या ठिकाणी त्याला सहसा आईपासून तोडायचं नाही. मोठ्या मुलग्यांचं मात्र आधी विचारा, १२ वर्षांपुढच्या मुलग्याला बायकांच्या होममध्ये सहसा घेत नाहीत.

कागद म्हणाल तर आधार, फोटो, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, बँक पासबुक, मार लागला असेल तर डॉक्टरचा कागद. हातात काहीच नसेल तरी बाहेर पडा, लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे असते, कॉपी मागाहून काढता येते. जमत असेल तर प्रत्येक कागदाचा फोटो विश्वासातल्या मैत्रिणीला पाठवून आपल्या फोनमधून डिलीट करा, लोकेशन शेअरिंगही बंद करा. गृह आधारचे (गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेचे) पैसे ज्या खात्यात येतात त्याचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असेल तर ब्लॉक करून नवीन काढा, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

नवरा "बायको बेपत्ता" म्हणून पोलिसात जातोच, त्यामुळे होममध्ये पोचल्यावर "मी सज्ञान आहे, स्वखुशीने घर सोडलंय, पत्ता कळवू नये" असं तारखेसह लिहून सही करून पोलीस स्टेशनला द्या आणि एका कॉपीवर पोच घ्या.

घर सोडलं की हक्क गेला हा गैरसमज सासरचे मुद्दाम पसरवतात. त्याच कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केला की पहिली तारीख साधारण ३ दिवसांत पडायला हवी, त्यात राहण्याची जागा, खर्च, मुलांचा ताबा सगळं मागता येतं. वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही, १५१०० या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करा. शिवाय गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, बायकोच्या संमतीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. म्हणून होममध्ये असताना "फक्त एक सही पाहिजे" म्हणून नोटरीकडे बोलावलं तर जाऊ नका, कागदाचा फोटो मागवून आधी वकिलाला दाखवा.