मोरिझो, बेर्त

मोरिझो, बेर्त : (१४ जानेवारी १८४१–२ मार्च १८९५). फ्रेंच दृक्प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट) चित्रकर्ती. जन्म बूर्झ येथे. रोकोको या अठराव्या शतकातील अलंकृत शैलीचा चित्रकार फ्रागोनार याच्याशी घराण्याचे नाते असल्याचा उल्लेख अनेक चरित्रांत येतो; ती घरात चालत आलेली समजूत होय, एवढेच म्हणता येते. पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या शासकीय कलाशाळेत १८९७ पूर्वी स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यामुळे बेर्त व तिची बहीण एद्मा चित्रकार झोझेफ गीशारकडे शिकल्या, लूव्ह्रमध्ये जुन्या चित्रांच्या नकला केल्या आणि १८६० च्या सुमारास निसर्गचित्रकार कोरोकडून उघड्यावर रंगवण्याचे धडे घेतले. १८६४ च्या सालाँ या पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनात बेर्तची निसर्गचित्रे लागली.

चित्रकार एद्वार मानेशी तिची ओळख झाली ती १८६८ मध्ये. त्यामुळे तिला मानेची शिष्या म्हणण्याचा जुना प्रघात कालक्रमाशी जुळत नाही. देवाणघेवाण दुहेरी होती, हे अलीकडचे मत अधिक ग्राह्य वाटते. या संदर्भात आई व बहीण यांचे व्यक्तिचित्र (१८६९–७०; नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट, वॉशिंग्टन) महत्त्वाचे आहे. सालाँला धाडण्यापूर्वी तिने त्यावर मानेचे मत विचारले, तेव्हा त्याने स्वतःच कुंचला उचलला आणि आईच्या झग्यापासून सुरुवात करून चेहरा व पार्श्वभूमीपर्यंत फेरफार केले. चित्र नाकारले गेले तर बरे, असे व्यथित बेर्तने पत्रात लिहिले. ते स्वीकारले गेले. मानेच्या हातचा आईचा सपाट, रुंद फटकाऱ्यांचा काळा झगा आणि एद्माच्या पांढऱ्या पोशाखातील बेर्तचे हलके, तरल कुंचलाकाम यांतील फरक आजही डोळ्यांना जाणवतो.

‘पाळणा’ (१८७२, म्युझे दोर्से, पॅरिस) हे तिचे सर्वांत प्रसिद्ध चित्र. निजलेल्या तान्हुलीवरची झिरझिरीत जाळी करडा, निळसर व गुलाबी छटा मिसळलेल्या पांढऱ्या रंगाने साकारली असून जाळीआडचे मूल तिच्यातून दिसते. पाळण्याशेजारी बसलेल्या एद्माचा दुमडलेला हात आणि मुलीचा डोक्याशी वळलेला हात एकमेकांना प्रतिसाद देतात. हे चित्र १८७४ च्या पहिल्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनात होते. आठांपैकी सात प्रदर्शनांत तिने भाग घेतला. कन्या झ्यूलीच्या जन्मानंतरचे १८७९ चे तेवढे चुकले. १८७४ मध्ये एद्वारचा भाऊ यूझेन याच्याशी तिचा विवाह झाला.

१८९४ मध्ये फ्रेंच शासनाने तिचे एक चित्र पॅरिसच्या लक्झेंबर्ग संग्रहालयासाठी विकत घेतले. तरीही पुढच्याच वर्षी मृत्यूच्या दाखल्यात तिच्या नावापुढे ‘व्यवसाय नाही’ असे नोंदले गेले. पॅरिसमधील पासीच्या दफनभूमीतील शिलालेखात ती यूझेन मानेची विधवा एवढीच आहे. १८९६ मध्ये चित्रविक्रेता द्युरां-र्युएलच्या दालनात भरलेल्या तिच्या स्मरणप्रदर्शनाची मांडणी दगा, मोने व रन्वार या चित्रकारांनी केली. प्रदर्शनाच्या सूचीची प्रस्तावना कवी मालार्मेची होती.