शेक, जखम आणि वर्दी : किरणोत्सर्गाने होणाऱ्या जनुकीय इजेच्या संशोधनाची पार्श्वभूमी

घरातील कोणाला कर्करोगासाठी किरणोपचार सुरू झाले की खानदेशात 'शेक चालू आहे' असे सांगण्याची रीत आहे. शब्द आपुलकीचा आहे, पण त्यातून उष्णतेची जी कल्पना मनात उभी राहते ती खरी नाही. रोजच्या उपचारात साधारणपणे 2 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतकी मात्रा दिली जाते आणि तेवढ्या ऊर्जेने शरीराच्या त्या भागाचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागानेही वाढत नाही. तरीही गाठ विरघळते, कातडी काळवंडते, केस गळतात. एवढ्याशा ऊर्जेने एवढा परिणाम कसा होतो आणि एकदाच भरपूर शेक देऊन मोकळे न करता पाच-सहा आठवडे रोज थोडा थोडा का द्यायचा, हे प्रश्न रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना विचारतात. शास्त्रज्ञांनाही हेच प्रश्न पडले होते आणि त्यांची उत्तरे मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

1895 मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि काही महिन्यांतच ते हाताळणाऱ्यांच्या हातांवर न भरणाऱ्या जखमा दिसू लागल्या. 1906 मध्ये बर्गोनिए आणि ट्रिबोंडो या फ्रेंच संशोधकांनी, ज्या पेशी वेगाने विभागतात त्यांना किरणांची इजा अधिक होते, असा नियम मांडला. इजा वंशपरंपरेच्या द्रव्यालाच होते हे मात्र 1927 मध्ये हर्मन मुलरने दाखवले. त्याने फळमाश्यांवर क्ष-किरण सोडले आणि पुढच्या पिढ्यांमध्ये उत्परिवर्तनांचे, म्हणजे जनुकांत होणाऱ्या कायमच्या बदलांचे, प्रमाण कितीतरी पटींनी वाढलेले त्याला आढळले. 1946 चे नोबेल पारितोषिक त्याला याच शोधासाठी मिळाले. त्याच सुमारास स्टॅडलरने सातू आणि मका या पिकांत तोच परिणाम सिद्ध केला आणि पिकांच्या सुधारणेची एक वाट तेथून निघाली. आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचा टीएयू-1 हा उडीद या वाटेवरचाच आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी किरणांच्या साहाय्याने मिळालेले उत्परिवर्तित वाण संकरात वापरून तो तयार केला आणि 1985 मध्ये तो प्रसारित झाला. अर्थात त्या उडदात किरणोत्सर्ग नसतो. पूर्वी कधीतरी बदललेले जनुक तेवढे त्यात असते.

मुलरनंतरची तीस-चाळीस वर्षे बहुतेकांची समजूत अशी होती की किरण म्हणजे गोळी आणि जनुक म्हणजे लक्ष्य. गोळी लागली की लक्ष्य तुटले, पेशी बिचारी निमूट सोसणारी. हे चित्र गणिताला सोयीचे होते, पण दवाखान्यातील अनुभव त्यात बसत नव्हता. 1920 च्या दशकात पॅरिसमध्ये क्लॉडियस रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले होते. एकाच वेळी मोठी मात्रा देऊन मेंढा निर्बीज करायला गेले तर वृषणावरील कातडी करपत असे. तीच मात्रा विभागून दिली की मेंढा निर्बीज होई आणि कातडी वाचे. हप्त्याहप्त्याने शेक देण्याची पद्धत येथूनच आली. तिचे कारण 1959 मध्ये एलकाइंड आणि सटन यांच्या प्रयोगांतून उलगडू लागले. काचपात्रात वाढवलेल्या पेशींना दोन मात्रांच्या मध्ये काही तास मिळाले, तर मधल्या वेळात त्या इजेतून सावरत होत्या. पेशी सोसते, तशीच ती दुरुस्तीही करते, हे त्यातून स्पष्ट झाले.

जंतूंच्या अभ्यासातून हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने पुढे येत होती. अतिनील किरणांनी मेल्यासारखे झालेले सूक्ष्मजीव साध्या प्रकाशात पुन्हा वाढू लागतात, हे 1949 मध्ये केल्नरने नोंदवले होते. 1964 मध्ये डीएनएचा, म्हणजे वंशपरंपरेच्या त्या द्रव्याचा, खराब तुकडा कापून काढण्याची क्रिया जंतूंमध्ये सापडली. 1968 मध्ये जेम्स क्लीव्हरने दाखवले की झेरोडर्मा पिगमेंटोसम या आनुवंशिक आजारात हीच दुरुस्ती होत नाही. या आजाराच्या मुलांची त्वचा उन्हात सहज भाजते आणि लहान वयातच त्यांना त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. मे महिन्यात भुसावळचे ऊन अंगावर घेणाऱ्या प्रत्येकाच्या त्वचेत ही दुरुस्ती अखंड चालू असते, म्हणूनच त्या इजेचा बराचसा भाग भरून निघतो.

याच काळात, किरणांशी काहीही संबंध नसलेला एक शोध आकार घेत होता, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाला तोच निर्णायक ठरला. 1955 च्या सुमारास एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स स्नायूंतील साखरेच्या साठ्याचा अभ्यास करत होते. प्रथिनाला फॉस्फेटचा एक गट चिकटवला की ते कामाला लागते आणि तो काढला की थांबते, हे त्यांना दिसले. पेशीच्या आत निरोप कसा पोहोचतो याची ही गुरुकिल्ली होती. गट चिकटवणाऱ्या एन्झाइमांना (पेशीतील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना) काइनेज म्हणतात. 1992 मध्ये त्या दोघांना नोबेल मिळाले, तोपर्यंत किरण-संशोधक स्वतःच या दारापाशी येऊन पोहोचले होते.

1988 मध्ये वाइनर्ट आणि हार्टवेल यांनी यीस्टमध्ये दाखवले की डीएनए तुटल्यावर पेशीचे विभाजन आपोआप अडत नाही, ते मुद्दाम थांबवले जाते. त्यासाठी लागणारे रॅड-9 हे जनुक बिघडले की तुटलेल्या गुणसूत्रांसह पेशी विभागत राहते आणि मरते. याचा अर्थ, जखम झाल्याची वर्दी कोणीतरी देत असले पाहिजे. 1991 मध्ये मायकेल कास्टान यांच्या गटाला किरण दिलेल्या मानवी पेशींत पी-53 हे प्रथिन वाढलेले आढळले. ते विभाजन रोखते आणि इजा आवाक्याबाहेरची असेल तर पेशीला स्वतःचा अंत करायला लावते.

मग ही वर्दी देतो कोण? याचे उत्तर काही आजारी मुलांमुळे मिळाले. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या विकारात मुलाचा तोल जातो, डोळ्यांत लाल शिरा दिसू लागतात, कर्करोगाची शक्यता वाढते आणि नेहमीची किरणमात्राही त्याच्या शरीराला भयंकर इजा करते. 1995 मध्ये तेल अवीवच्या योसेफ शिलो यांच्या गटाने अकराव्या गुणसूत्रावर या विकाराचे जनुक शोधले. त्याला एटीएम असे नाव मिळाले आणि त्यापासून बनणारे प्रथिन काइनेजच निघाले. 2003 मध्ये बाकेनिस्ट आणि कास्टान यांनी त्याची रीत उलगडली. एरवी ही प्रथिने जोडीने निष्क्रिय असतात, आणि डीएनए तुटताच काही मिनिटांत त्यांच्या जोड्या सुटून ती कामाला लागतात.

एका ग्रे मात्रेने प्रत्येक पेशीत डीएनएच्या हजारभर एकेरी तुटी (दोन धाग्यांपैकी एकच तुटणे) आणि 30 ते 40 दुहेरी तुटी (दोन्ही धागे तुटणे) होतात. खरी भीती दुहेरी तुटींची, कारण घाईने चुकीची टोके सांधली गेली की उत्परिवर्तन कायमचे राहते. प्रत्येक दुहेरी तुटीभोवती एच-टू-ए-एक्स या प्रथिनाला फॉस्फेट चिकटते, हे 1998 मध्ये बॉनर यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. त्यामुळे आज सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जखम ठिपक्याच्या रूपात मोजता येते.

मात्रेचे भान येथे सुटता कामा नये. रावेर-यावलच्या केळीत पोटॅशियम असते आणि त्यातला अगदी अल्प अंश किरणोत्सर्गी पोटॅशियम-40 असतो. एका केळीत दर सेकंदाला सुमारे 15 अणूंचे विघटन होते, तर आपल्या स्वतःच्या शरीरात ते चार हजारांच्या आसपास होते. शरीर जादा पोटॅशियम बाहेर टाकते, त्यामुळे केळी खाऊन हा आकडा वाढत नाही.

1992 मध्ये हार्वर्डच्या नागासावा आणि लिटल यांनी पेशींवर अल्फा कणांचा (काही किरणोत्सर्गी पदार्थांतून बाहेर पडणाऱ्या जड कणांचा) अत्यंत विरळ मारा केला. जेमतेम एक टक्का पेशींच्या केंद्रकातून कण गेला होता, पण गुणसूत्रांतील बदल सुमारे 30 टक्के पेशींत आढळले. ज्यांना किरण लागलाच नव्हता अशा शेजारच्या पेशींपर्यंत निरोप पोहोचला होता. काही निरोप दोन पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गांतून जातात, काही भोवतालच्या द्रवातून. संपूर्ण शरीरात, मात्रा अल्प असताना या निरोपांना किती महत्त्व द्यायचे यावर अजूनही वाद आहे.

आता उपचारही या वर्दीवर नेम धरू लागले आहेत. दुरुस्तीच्या कामातील पार्प हे एन्झाइम अडवणाऱ्या ओलापॅरिब या औषधाला 2014 मध्ये मान्यता मिळाली. ज्या गाठींमध्ये बीआरसीए हे डीएनएच्या दुरुस्तीचेच जनुक आधीच बिघडलेले असते, तेथे ते विशेष लागू पडते. एटीएमला रोखून गाठीला शेकाचा परिणाम अधिक जाणवेल आणि भोवतालची निरोगी पेशी मात्र सावरेल, असे औषध मिळवण्यासाठीच्या चाचण्या सुरू आहेत.