शहराचा नळ आणि वरच्या खोऱ्यातला गोठा

पाणी स्वच्छ ठेवण्याचा शहरांना सुचलेला पहिला उपाय म्हणजे आपली घाण खालच्या गावाकडे लोटून देणे. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनच्या संसदेला बसवेना, तेव्हा कुठे अभियंता जोसेफ बॅझलजेटच्या भुयारी गटारांना पैसे मिळाले. त्या गटारांनी मैला शुद्ध केला नाही. शहराच्या पूर्वेला नेऊन पुन्हा नदीतच सोडला. शिकागोने तर १९०० मध्ये कालवा खणून नदीच उलटी फिरवली. मैला पिण्याच्या पाण्याच्या मिशिगन सरोवरात जाण्याऐवजी मिसिसिपीकडे वाहू लागला. खालच्या अंगाच्या सेंट लुईस शहरासाठी मिझुरी राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०६ मध्ये हरले. मिझुरीची गावे स्वतःही त्याच नदीत मैला सोडत होती, हे न्यायालयाने ऐकवले ते वेगळेच.

अपवाद होते. जर्मनीतल्या रूहर खोऱ्यात १९१३ मध्ये कायद्याने संघ स्थापन झाला. पाणी घेणारे आणि घाण सोडणारे दोघेही त्याचे सभासद, वर्गणी सक्तीची. बहुतेक देशांत मात्र ज्याची हद्द त्याची नदी, हाच खाक्या राहिला.

अमेरिकेत १९६९ मध्ये क्लीव्हलंडजवळ कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाला आग लागली. अशी आग तिथे पूर्वीही लागली होती, पण या वेळी देशभर बोभाटा झाला. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याने नदीत सोडलेल्या प्रत्येक पाइपाला परवाना सक्तीचा केला. कारखाने आणि नगरपालिका त्यात सापडल्या, कारण पाइप दिसतो, मोजता येतो आणि त्याला मालक असतो. शेतातून पावसाबरोबर वाहून येणारे नत्र, स्फुरद आणि शेण कुठून आले, हे कोणत्या मालकाला विचारणार? १९७७ मध्ये सिंचनाचे परतीचे पाणी आणि १९८७ मध्ये शेतातले पावसाचे पाणी परवान्यातून स्पष्टपणे वगळले गेले. ही सूट राजकीय होती, तांत्रिक अडचण हे तिचे निमित्त. शहराचा मैला आटोक्यात येऊ लागला, शेतातला नत्र तसाच राहिला, आणि शहर-खेड्याच्या भांडणाची दिशाच फिरली. आता तक्रार शहराची होती.

या भांडणातला सर्वांत शिकण्यासारखा तंटा न्यूयॉर्कचा. शहराचे बहुतेक पाणी दूरच्या कॅट्सकिल डोंगरांतून येते. तिथे अशोकन धरण बांधताना, १९०७ नंतरच्या वर्षांत, गावे उठवली गेली, थडगीसुद्धा उकरून दुसरीकडे हलवली गेली. त्या खोऱ्यात शहराबद्दलचा राग पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला होता. १९८९ मध्ये केंद्राने नियम केला: नदी-तलावाचे पाणी पुरवणाऱ्याने ते गाळावे, नाहीतर मूळ पाणलोटच स्वच्छ राखल्याचे सिद्ध करावे. गाळण प्रकल्पाचा अंदाज ६०० ते ८०० कोटी डॉलरचा. शहराने आधी सोपी वाट धरली आणि १९९० मध्ये खोऱ्यातल्या लोकांवर कडक निर्बंधांचा मसुदा काढला. शेतकरी खवळले. ज्यांनी आमची गावे बुडवली, तेच आता गोठा कुठे बांधायचा हे सांगणार?

मग शहराच्या अधिकाऱ्यांनी हुकूम बाजूला ठेवला आणि ते बोलायला बसले. त्यातून शेतकऱ्यांनीच चालवलेली परिषद उभी राहिली. शेतकऱ्याने यायचे की नाही हे त्याने ठरवायचे, आराखडा त्याच्या शेताप्रमाणे, खर्च शहराचा. वासरांच्या शेणातून क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी पसरतो. १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात त्यानेच सुमारे ४ लाख लोक आजारी पडले होते. म्हणून वासरांचे गोठे वेगळे बांधले, गुरे ओढ्यात उतरू नयेत म्हणून काठाला कुंपण घालून पाण्याचे हौद दुसरीकडे केले, आणि शेण साठवायला पक्की जागा दिली, म्हणजे हिवाळ्यात गोठलेल्या शेतावर ते टाकण्याची वेळ येऊ नये. बर्फ वितळला की तेच थेट ओढ्यात जाते. चांगल्या गोठ्यात शेतकऱ्याचाही फायदा होता. निम्मे रहस्य मला तरी इथेच दिसते.

१९९७ च्या जानेवारीत शहर, राज्य, केंद्र, खोऱ्यातली गावे आणि पर्यावरणवादी संघटना यांनी करारावर सह्या केल्या. गावांच्या मैलाशुद्धी केंद्रांची सुधारणा आणि नादुरुस्त सेप्टिक टाक्यांची दुरुस्ती शहराच्या पैशाने, तर जमिनीची खरेदी फक्त विकायला राजी असणाऱ्यांकडून. खर्च सुमारे १५० कोटी डॉलर, म्हणजे गाळण प्रकल्पाच्या खर्चाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी. कॅट्सकिल आणि त्याला लागूनच्या डेलावेअर खोऱ्यातले पाणी आजही न गाळता नळाला येते. क्लोरिन आणि अतिनील किरणांवर भागते. शहराने एवढी जमीन घेतल्याने गावांना वाढायला जागा उरत नाही, ही खोऱ्याची कुरकुर अजून आहे, आणि ती खोटी नाही.

हा नमुना सगळीकडे लागू पडला नाही. आयोवा राज्यातल्या डी मॉइन शहराची गोष्ट बघा. वरच्या शेतांखाली भोके असलेले निचऱ्याचे पाइप पुरलेले आहेत. मक्याच्या रानातला नत्र त्यातून रॅकून नदीत येतो. नळाच्या पाण्यात नत्राची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम, म्हणून नत्र काढण्याचे यंत्र शहराने १९९० च्या दशकापासून स्वखर्चाने चालवले. २०१५ मध्ये पाणीपुरवठा संस्थेने वरच्या तीन तालुक्यांच्या निचरा मंडळांवर खटला भरला: हे पाइपच आहेत, मग परवाना का नको? २०१७ मध्ये खटला फेटाळला गेला. नत्रावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकारच या मंडळांना नाही, असे न्यायालयाने म्हटले. पाइप हा पाइप आहे की नाही, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. २०२५ च्या जूनमध्ये नत्र इतका वाढला की यंत्रेही पुरी पडेनात, आणि त्या भागातल्या नागरिकांना घरासमोरच्या हिरवळीला पाणी घालायला बंदी झाली.