रेडिओचे शब्द पाठ केले की वैमानिकाचं इंग्रजी झालं?

‘रॉजर’, ‘विल्को’, ‘स्टँडबाय’ घोकलं की भागतं, हा समज अर्धवट आहे. ठरीव शब्द लागतातच. ५ ला ‘फाइफ’ आणि ९ ला ‘नाइनर’ म्हणतात, कारण रेडिओच्या खरखरीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ सारखेच ऐकू येतात. पण प्रवासी बेशुद्ध पडला, केबिनमध्ये जळका वास आला, तर पाठ केलेलं वाक्य कुठून आणणार?

म्हणून इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) भाषेच्या निकषांत उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद असं सगळं तपासतात. श्रेणी १ ते ६; आंतरराष्ट्रीय उड्डाणाला किमान ४. मेख अशी, की सरासरी काढत नाहीत. पाच ठिकाणी ५ आणि आकलनात ३, तर निकाल ३! साहेबी उच्चार मात्र कुणी मागत नाही. मराठी हेल चालतो, समोरच्याला कळण्याशी मतलब.

उलट, ठरीव शब्द गाळणंही महागात पडतं. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ एव्हिआंका या कोलंबियन कंपनीच्या ५२ क्रमांकाच्या विमानाच्या वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं कंट्रोलरला सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ हे संकटाचे ठरीव शब्द म्हटले नाहीत. विमान कोसळलं, ७३ जण गेले.